फाउंडेशन

शाळेत इतिहास हा विषय मला पस्तीस गुणांवर सोडून देत असे. पुढं जो काही थोडाफार इतिहास डोक्यात शिरला, तो नाशिकला द्वारकेजवळच्या एका गॅरेजात, मामाच्या डॉज ट्रकखाली आडवं पडून.

हा ट्रक पेट्रोलवर चालायचा. खरं म्हणजे प्यायचा जास्त आणि चालायचा कमी. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल असं भडकलं, की ट्रकपेक्षा हत्ती पाळणं मामाला स्वस्त पडलं असतं. शेवटी मामीच्या पाटल्या सराफाकडे गेल्या आणि त्यांच्या बदल्यात भंगारातलं एक पर्किन्सचं डिझेल इंजिन आलं. मामानं त्याला हार घातला, नारळ फोडला. नव्या पाहुण्याला बसवायचं कशावर, याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता.

आता इथं थोडा इतिहास. मोटारींच्या बाल्यावस्थेत इंजिन बहुधा थेट चेसिसवर आवळून टाकत. इंजिन थरथरलं, की गाडी थरथरे आणि आत बसलेल्यांच्या कवळ्यासुद्धा. 1931 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोललं. पुढचा आधार उंच, मागचा खाली. दोन्ही जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाणारी. त्यामुळे इंजिनानं थरथरावं आणि गाडीला ते फारसं कळू नये. फ्रान्सच्या सित्रोएनला ही युक्ती एवढी आवडली, की तिनं हक्क घेतले आणि आपल्या चिन्हात चक्क पोहणारा हंस घातला!

डॉज ही याच क्रायस्लरच्या घरातली. 1944 साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढं कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आमच्या जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना काढणारे वालचंद ते हेच. म्हणजे लहानपणी चघळलेली रावळगावची गोळी आणि मामाचा ट्रक ही नात्यानं चुलत भावंडंच. त्या नात्यातली गोडी मात्र ट्रकमध्ये उतरली नव्हती.

पर्किन्सचं इंजिन बसवलेले डॉज कंपनीकडूनही निघत. म्हणजे त्याला लागणारे ब्रॅकेट आणि रबरं जगात होती. पण मामा म्हणाला, "अरे, रबर ते रबर!" पहिल्या मिस्त्रीनं जुन्या टायरचे तुकडे कापले, जुन्या ब्रॅकेटला वेल्डिंगचं ठिगळ लावलं आणि बोल्ट जीव खाऊन आवळले.

परतीच्या पहिल्याच खेपेला, खताची पोती भरलेली, कसारा घाटात ट्रक पहिल्या गिअरमध्ये आला. इंजिन जेवढ्या जोरानं चाकं फिरवतं, तेवढ्याच हट्टानं स्वतःही उलटं कलंडू पाहतं. टायरचा तुकडा फाटला, इंजिन कललं आणि त्याच्या नाकावरचा पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसला. रात्रभर मामा घाटात पोत्यांवर बसून होता. मागं वाहनांची रांग आणि डोळ्यांपुढं पाटल्या.

द्वारकेच्या चाचांनी तुटका तुकडा हातात घेतला, दाबून पाहिला आणि फक्त हसले. "मामासाब, डिझेलचं वजन जादा, धक्का जादा. त्याचं फाउंडेशन वेगळं." गॅरेजच्या भाषेत माउंटिंगला फाउंडेशन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बरोबर जोडी आणवली. चेनपुलीवरून इंजिन हलकेच उतरवलं. सगळे बोल्ट आधी ढिलेच ठेवले. गिअरबॉक्स आणि शाफ्टची रेषा जुळवली. इंजिन आपल्या वजनानं रबरावर बसू दिलं, थोडा वेळ चालवलं आणि मगच बोल्ट आवळले.

"फार घट्ट धरलं तर सगळी गाडी हादरते," चाचा म्हणाले, "आणि फार ढिलं सोडलं तर पंखा रेडिएटर खातो."

दोन पावसाळ्यांनी पाटल्या घरी परत आल्या. मामानं मोठ्या तोऱ्यात चाचांचं वाक्य मामीला ऐकवलं. तिनं पाटल्या हातात चढवल्या आणि म्हणाली, "हे चाचा लग्नाआधी भेटायला हवे होते तुम्हाला."