रोजकीर्द, तर्जुमा आणि डॅशबोर्ड : कल्याण प्रांताच्या दफ्तरपद्धतीच्या आधारे एक विचार

१

कल्याणहून भिवंडीकडे जाताना उल्हास नदीची खाडी ओलांडली व दुर्गाडी किल्ला मागे पडला की कोन हे गाव लागते. इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण व भिवंडी ही ठाणी शिवाजीमहाराजांनी आदिलशाहीकडून घेतली. पुढे हा मुलूख मोगलांकडे गेला व १७२० च्या सुमारास पुन्हा मराठ्यांच्या अमलाखाली आला. पेशवाईच्या कागदांत त्याचा उल्लेख ‘प्रांत कल्याण’ असा येतो. येथील भाताचा सारा, बंदरावरील जकात, किल्ल्यांचा व शिबंदीचा खर्च या सर्वांचा हिशेब पुण्यास हुजूर दफ्तरात जात असे. आज याच टापूत, भिवंडी तालुक्यात, मालाच्या गोदामांची मोठी वसाहत उभी आहे. तेथे पेटी आत आली, फळीवर ठेवली, उचलली वा गाडीत चढविली, की यंत्राच्या नजरेखालून जाते आणि प्रत्येक वेळी संगणकात एक ओळ लिहिली जाते.

या ओळीस ‘लॉग’ म्हणतात. कोणत्या क्षणी, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हातून, काय घडले याची ती कालक्रमाने केलेली नोंद होय. अशा ओळी दिवसाकाठी लक्षावधी होतात व त्या कोणीही वाचू शकत नाही. म्हणून त्या एकत्र साठवून, वर्गवारी लावून, त्यांचे आकडे व आलेख एका पडद्यावर मांडतात. हा पडदा म्हणजे डॅशबोर्ड. मूळ शब्द घोडागाडीचा आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी पुढे लावलेल्या फळीस हे नाव होते. मोटार आल्यावर त्याच जागी वेगाची व इंधनाची मापके बसली आणि शब्दाचा अर्थ पालटला.

असंख्य फुटकळ नोंदी आणि त्यांवरून एका दृष्टिक्षेपात स्थिती समजण्याची निकड, ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. मराठ्यांच्या दफ्तराने ती अठराव्या शतकात ओळखली होती आणि तिच्यावर एक पद्धतशीर उपाय बसविला होता. त्या उपायाची घडण व मोडतोड तपासली असता आजच्या डॅशबोर्डची बांधणी आणि व्यवस्था यांविषयी बरेच काही स्पष्ट होते.

२

प्रांतातील हिशेबाचे मूळ रोजकीर्दीत असे. रोजकीर्द म्हणजे त्या त्या दिवशी घडलेल्या जमाखर्चाची, दिलेल्या हुकुमांची व सनदांची त्याच दिवशी केलेली नोंद. ती लिहिण्याचे काम एकट्या मामलतदाराच्या हाती नव्हते. त्याच्याबरोबर दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरकदार असत. पत्रांवर दिवाणाची संमती लागे. सनदा व हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी मजुमदार ते पाहून मान्य करी. फडणीस त्यांवर मिती घाली, रोजचा जमाखर्च पुरा करी आणि पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधी. दफ्तरदार फडणिसाच्या रोजकीर्दीवरून खतावणी करी व दरमहा तिचा गोषवारा हुजुरास पाठवी. पोतनीस वसूल व शिल्लक यांची नोंद ठेवी, पोतदार नाणे पारखून घेई.

या रचनेतील महत्त्वाचा भाग असा की, दरकदार बहुधा वंशपरंपरेने नेमलेले असत आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता. मामलतदाराच्या कारभारात काही गैर आढळल्यास ते हुजुरास कळविणे हे त्यांचे कर्तव्य होते. ज्याच्या कामाची नोंद व्हावयाची, त्याच्या मर्जीवर नोंद करणाराची नोकरी अवलंबून असू नये, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. गोषवारा कितीही नेटका असला, तरी त्याची विश्वसनीयता त्याच्या खालच्या रोजकीर्दीच्या स्वातंत्र्याहून अधिक असू शकत नाही.

३

पुण्यातील हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तराखाली फड, बेहेडा व सरंजाम असे विभाग मोडत. बेहेड्याकडे गावांचे व परगण्यांचे हिशेब येत आणि त्यांवरून पुढील उत्पन्नाचा अजमास बांधला जाई. एकबेरीज दफ्तराकडे सर्व खात्यांचे हिशेब एकत्र होत. तेथे त्यांपासून दोन प्रकारचे कागद तयार केले जात. एक खतावणी, म्हणजे रोजच्या नोंदींतील रकमा त्या त्या सदराखाली वर्गवारीने लावलेले पुस्तक. दुसरा तर्जुमा, म्हणजे जमा, खर्च व शिल्लक यांचे आकडे एका नजरेत यावेत असा मांडलेला तक्ता. कारभाऱ्याने रोजकीर्द चाळावी अशी अपेक्षाच नव्हती. त्याने तर्जुमा पाहावा, एखाद्या सदरातील आकडा खटकला तर खतावणी काढवावी, आणि तेथेही समाधान न झाल्यास त्या मितीची रोजकीर्द मागवावी, असा हा उतरत्या पायऱ्यांचा मार्ग होता. बेरीज, गोषवारा, ताळा, ताळेबंद हे शब्द आजही मराठी माणसाच्या तोंडी आहेत. बेरजेचा ताळा पाहण्याची सवय या पद्धतीच्या मुळाशी होती.

निरनिराळ्या ठिकाणचे कागद एकत्र करावयाचे तर त्यांच्या मित्या जुळल्या पाहिजेत. मराठी कागदांत वर्ष बहुधा सुहूर सनाचे असते व ते अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेले असते. ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे सहा, साठ, शंभर व हजार, अर्थात सुहूर ११६६, म्हणजे इ. स. १७६५-६६. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरताना, जूनच्या आरंभी, सुरू होते. दिवस मात्र ‘छ’ या खुणेने मुसलमानी चांद्र महिन्याचा दिलेला असतो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे, एकाच सुहूर वर्षाच्या आरंभी आलेल्या काही तारखा त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा येतात. अशी तारीख असलेला सुटा कागद वर्षाच्या कोणत्या टोकाचा, हे त्यातील मजकुरावरूनच ठरवावे लागते. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १८८९ मध्ये निरनिराळ्या कालगणनांच्या मित्यांचा मेळ घालणारी जंत्री प्रसिद्ध केली, ती याच गरजेपोटी.

४

हुजूर दफ्तराची शिस्त नाना फडणिसाच्या कारकीर्दीत विशेष होती. १३ मार्च १८०० रोजी त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात वाढला. जो अधिक रक्कम कबूल करील त्यास मामलत मिळे, तो ती पुन्हा इतरांस पोटमक्त्याने देई, आणि ओझे अखेर रयतेवर येऊन पडे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे परिणाम नमूद आहेत.

दफ्तराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ सूक्ष्म आहे. मक्त्याची रक्कम ठरली व पोचली, म्हणजे सरकारास आकडा मिळाला. परंतु तो आकडा कोणत्या गावाने किती दिले, कोठे सूट द्यावयास हवी होती, कोठे जुलूम झाला, यांतील काहीच सांगत नाही. जमा दिसत राहिली आणि तिच्या खालचा तपशील नाहीसा झाला. तपशिलाचा उपयोग उरला नाही, तेव्हा तो लिहिण्याची व जपण्याची काळजीही उरली नाही. जून १८१७ मधील पुण्याच्या तहाने उत्तर कोकण, व त्याबरोबर कल्याण प्रांत, इंग्रजांकडे गेला. पुढल्या वर्षी पेशवाईच संपली.

मागे राहिलेल्या कागदांचे पुढे जे झाले तेही विचार करण्यासारखे आहे. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने लोकांच्या इनामांची सत्यता याच दफ्तरावरून तपासली. ज्यांच्या हक्काचा मेळ दफ्तराशी बसला नाही, त्यांच्या इनामांवर गदा आली. सरकारच्या जमाखर्चासाठी केलेली नोंद, ती करणाऱ्याच्या कल्पनेतही नसलेल्या कामी, लोकांच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. उलट गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठी समाजाच्या व कारभाराच्या स्थितीचे विवेचन केले, आणि १९३० ते १९३४ या काळात सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. केवळ तर्जुमे उरले असते तर हे काम संभवले नसते.

५

संगणकाच्या नोंदींचा इतिहास त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी टपाल पोचविणाऱ्या आपल्या कार्यक्रमासाठी ‘सिसलॉग’ ही योजना केली. निरनिराळ्या कार्यक्रमांच्या नोंदी एका ठरीव साच्यात एका ठिकाणी पाठविण्याचा तो मार्ग पुढे सार्वत्रिक झाला. २००३ मध्ये स्प्लंक ही संस्था निघाली, २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च व २०१४ मध्ये ग्राफाना ही साधने पुढे आली. आता नोंदी शोधणे, त्यांची वर्गवारी करणे व त्यांचे फलक उभारणे ही कामे एकत्र होऊ लागली.

फलक बांधण्याचा क्रम हुजूर दफ्तराच्या क्रमाशी जुळणारा आहे. प्रथम कच्च्या ओळीतील वेळ, यंत्र, कृती, परिणाम ही अंगे वेगळी करून सदरे पाडावी लागतात. ही खतावणी होय. नंतर एक प्रश्न निश्चित करून त्याचा शोध जतन करावा लागतो. उदाहरणार्थ, गोदामात तासागणिक किती पेट्या आल्या व त्यांपैकी किती वाचता आल्या नाहीत. त्या शोधाचे उत्तर आकडा, आलेख वा तक्ता यांपैकी योग्य त्या रूपाने फलकावर बसते. उत्तम साधनांत त्या आकड्यावर बोट ठेवताच खालच्या मूळ ओळी उघडतात. तर्जुम्यावरून रोजकीर्दीकडे उतरण्याची वाट ती हीच.

मित्यांचा प्रश्नही येथे पुन्हा उभा राहतो. ज्या देशांत उन्हाळ्यानंतर घड्याळे एक तास मागे घेतात, तेथे स्थानिक वेळेने लिहिलेल्या नोंदींत वर्षातून एकदा तोच तास दोनदा येतो, आणि सुहूर सनातील दुबार तारखांचा घोटाळा जसाच्या तसा घडतो. म्हणून नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवून दाखविताना स्थानिक वेळ लावण्याची रीत आहे. भारतात संगणकसुरक्षेची मध्यवर्ती संस्था ‘सर्ट-इन’ हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी, संबंधित संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावीत आणि आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असे बंधन घातले.

६

फलक उभारणे सोपे असते. तो खरा राखणे कठीण जाते. त्यातील तीन धोके दफ्तराच्या इतिहासात आधीच दिसतात.

पहिला धोका शून्य व अभाव यांची गल्लत होण्याचा. चुकांचा आलेख सपाट झाला, याचा अर्थ चुका थांबल्या असा असू शकतो, अथवा त्या यंत्राकडून नोंदीच येईनाशा झाल्या असाही असू शकतो. ज्या परगण्याचा हिशेब आला नाही आणि ज्या परगण्यात वसूलच झाला नाही, ती दोन वेगळी प्रकरणे होत. यासाठी फलकावर प्रत्येक ठिकाणाहून शेवटची नोंद केव्हा पोचली हेही दाखविणे अगत्याचे आहे.

दुसरा धोका एकत्रीकरणाचा. शंभर विनंत्यांपैकी ९५ विनंत्यांना एकेक सेकंद व ५ विनंत्यांना २१ सेकंद लागले, तर सरासरी दोन सेकंद येते. ते दोन सेकंद प्रत्यक्षात कोणाच्याही वाट्यास आलेले नसतात. मक्त्याच्या एकरकमी आकड्याने रयतेचे हाल जसे झाकले, तशी ही सरासरी त्या पाच जणांची अडचण झाकते. म्हणून सरासरीबरोबर वरच्या टोकाचे आकडेही मांडावे लागतात.

तिसरा धोका मालकीचा. फलक वाढत जातात, त्यांच्या नकला होतात, बांधणारा निघून जातो, आणि आकड्याची व्याख्या कोणासच ठाऊक नसते. यावर उपाय दफ्तरी वळणाचाच आहे. प्रत्येक फलकावर जबाबदार व्यक्तीचे नाव व सदराची व्याख्या असावी. पाहण्याचा अधिकार व बदलण्याचा अधिकार वेगळे असावेत. फलकाची रचना मजकूररूपाने जतन करून तीतील प्रत्येक फेरफाराची मिती नोंदवावी, आणि वापरात नसलेले फलक ठरलेल्या वेळी काढून टाकावेत. ज्या विभागाचे काम फलकावर मोजले जाते, त्याच्याच हाती मूळ नोंदी पुसण्याची सत्ता देऊ नये. दरकदारांच्या नेमणुकीमागील विचार तोच होता.

यापलीकडे एक प्रश्न उरतो. गोदामातील पेटीचा माग ठेवण्यासाठी केलेली नोंद तीच पेटी उचलणाऱ्या कामगाराच्या वेगाचीही नोंद असते. सदर बदलले की मालाचा फलक माणसाचा फलक होतो. इनाम कमिशनपुढे ज्यांचे हक्क गेले, त्यांना आपल्याविषयी दफ्तरात काय लिहिले आहे हे आधी पाहण्याची सोय नव्हती. कोन-भिवंडीच्या गोदामात राबणाऱ्या माणसाचा आकडा जेव्हा पडद्यावर चढतो, तेव्हा त्या आकड्याखालची रोजकीर्द पाहण्याचा व तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क त्यालाही असला पाहिजे. तर्जुमा पाहणाऱ्यास खाली उतरण्याची वाट होती, म्हणून तो तर्जुमा विश्वासार्ह होता. ज्याच्याविषयी तो लिहिला गेला त्यालाही ती वाट मोकळी असेल, तर तो न्याय्यही ठरेल.