तिरका ताण

शिडाचं कापड हातात आलं की मी ते उभं ओढून बघत नाही, आडवंही नाही. समोरासमोरचे दोन कोपरे धरतो आणि तिरकं ओढतो. परळच्या गिरणीत, साळखात्यात उमेदीची वर्षं गेली; ही सवय तिथली. ताण्याच्या दिशेने ओढलं तर धागा जोर घेतो, बाण्याच्या दिशेने ओढलं तरी धागाच जोर घेतो. तिरक्या दिशेला धागाच नसतो. तिथे टिकते ती फक्त विणीची घट्ट मिठी.

मुंबई बंदरात छोट्या कीलबोटीवर शर्यती करणारा माझा एक मित्र नवी शिडं घ्यायची म्हणून कापडाचे नमुने घेऊन आला होता. त्याच्याशी बोलता बोलता मी ‘स्टार’ या होडीच्या इतिहासात शिरलो आणि अजून बाहेर आलेलो नाही. १९११ साली अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर पहिल्या स्टार बांधल्या गेल्या. लांबी ६.९ मीटर, माणसं दोन, शिडंही दोनच : मोठं शीड आणि पुढची छोटी जिब. होडीचा आराखडा शंभर वर्षांत फारसा हलला नाही, म्हणून शीड बदललं की काय होतं ते स्टारवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

स्टारच्या आधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या गलबताने आयल ऑफ वाइटला वळसा घालणाऱ्या शर्यतीत इंग्रजांना त्यांच्याच पाण्यात हरवलं. त्या विजयात कापडाचा वाटा मोठा होता. इंग्रजांची शिडं अळशीच्या धाग्याची, सैल विणीची, पोट सुटलेली. विणीतून वारा निसटू नये म्हणून ती पाण्याने भिजवत. अमेरिकेची शिडं यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची होती. ती सपाट राहत, आणि सपाट शीड वाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या रोखाने, चढतं.

पुढे नॅथॅनिएल हेरशॉफ या जहाजरचनाकाराने जे केलं ते एखाद्या विणकरालाच सुचावं असं होतं. तोवर कापडाचे पट्टे शिडाच्या मागच्या कडेला समांतर शिवत. म्हणजे सगळा भार ताण्यावर. पण साच्यावर, म्हणजे मागावर, ताणा बाण्याच्या वरखाली वळसे घेत जातो. ओढ बसली की आधी ते वळसे सरळ होतात आणि कापड लांबतं. हेरशॉफने पट्टे आडवे फिरवले, मागच्या कडेला काटकोनात. आता भार सरळ पडलेल्या बाण्यावर आला. शिडाच्या शिवणी आडव्या का, याचं उत्तर इतकं साधं आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

तरी सूत ते सूतच. हवेतला ओलावा ते स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतं. भिजलं की आक्रसतं, वाळलं की सैलावतं. म्हणून नवं सुती शीड आधी ‘मुरवावं’ लागे : हलक्या वाऱ्यात तासन्‌तास फिरवायचं, कडा पूर्ण ताणायच्या नाहीत, पाऊस लागू द्यायचा नाही. पहिल्याच दिवशी जोराचा वारा गाठला तर शिडाचा आकार कायमचा बिघडे.

याच सुती काळात वॉल्टर फॉन ह्यूट्शलर या जर्मन खेळाडूने ‘पिम’ या स्टारवर लवचीक डोलकाठी वापरली आणि १९३८ व १९३९ ची विश्वविजेतेपदं जिंकली. काठी वाकवली की शिडाचं पोट आत ओढलं जातं. वारा वाढला तर शीड न बदलताच सपाट करता येऊ लागलं. तेव्हापासून एकटं शीड निवडणं संपलं. त्याची पुढची कड तुमच्या काठीच्या बाकाशी जुळते का, हे आधी पाहावं लागतं.

१९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. आपल्याकडे ज्या टेरिलीनच्या शर्टांचं एका पिढीला अप्रूप होतं, तोच हा धागा. अमेरिकेत त्याला डेक्रॉन म्हणत. ओलावा धरतो जेमतेम ०.४ टक्के. पन्नाशीच्या दशकात त्याची शिडं आली आणि मुरवणं इतिहासजमा झालं. नायलॉनही होतं, पण ते फार लांबतं. वाऱ्याच्या दिशेने पळताना लावायच्या फुग्यासारख्या शिडाला ते चालतं, वाऱ्यावर चढणाऱ्या शिडाला नाही.

सॅन डिएगोचा लोवेल नॉर्थ हा शिक्षणाने अभियंता. १९५७ साली त्याने स्टारचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि शिडांचा कारखानाही त्याच सुमारास काढला. नवं कापड बोटांनी चाचपून पसंत करायची जुनी रीत त्याने पुरेशी मानली नाही. किती भाराला किती लांबतं हे तो मोजू लागला. १९६८ साली स्टारमध्येच त्याला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं. गिरणीत प्रत्येक ताग्याची चाचणी घेणाऱ्या आम्हा लोकांना हा माणूस आपला वाटतो.

कडक कापड घ्यावं की मऊ, हा मित्रापुढचा प्रश्न यातूनच आलेला आहे. तिरका ताण रोखण्यासाठी आज घट्ट विणलेल्या पॉलिएस्टरमध्ये राळ भरून कापड कडक करतात. जितकी राळ जास्त, तितका आकार पक्का आणि वेग चांगला. पण शीड वाऱ्यात फडफडलं, चुरगळलं की राळ तडकते आणि कापड पुन्हा तिरकं सैलावतं. मऊ कापड हाताळायला सोपं, जास्त टिकणारं, पण पहिल्या दिवसापासून किंचित मंद. वजनातही फसगत होते : अमेरिकी ‘चार औंस’ हे ३६ बाय २८.५ इंचांच्या तुकड्याचं वजन असतं, म्हणजे चौरस मीटरला साधारण १७१ ग्रॅम. इंग्रजी औंस पूर्ण चौरस यार्डाचे.

मी त्याला मोठं शीड कडक कापडाचं आणि जिब थोडी मऊ घ्यायला सांगितलं. जिब दर वळणाला डोलकाठीवर घासत, फडफडत पलीकडे जाते; तिथली राळ आधी जाणार. मोठ्या शिडाची मागची कड मात्र सगळ्यात जास्त भार सोसते, तिथे पैसे वाचवू नयेत. आणि मागणी नोंदवण्याआधी काठी पूर्ण वाकवून तिचा बाक दोरी लावून मोजायचा, तो आकडा शीड शिवणाऱ्याला लेखी द्यायचा.