खिदिरपूरची गोदी आणि दारोगाचे दप्तर

कलकत्त्याची गुन्हेकथा पोलिसांच्या दप्तरातून वाचकांच्या हाती आली. शहर पोलिसांचा गुप्तचर विभाग १८६८ मध्ये स्थापन झाला. प्रियनाथ मुखोपाध्याय १८७८ पासून पोलिसांत होते. नोकरीत असतानाच, १८९२ मध्ये, त्यांनी ‘दारोगार दप्तर’ ही मालिका सुरू केली. एका भागात सहसा एक प्रकरण, असे तिचे दोनशेहून अधिक भाग निघाले.

त्याच सुमारास शहराच्या नैर्ऋत्येला खिदिरपूरची गोदी सुरू झाली. एकेकाळी मायकेल मधुसूदन दत्त आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय या कवींचे वास्तव्य असलेले हे उपनगर हळूहळू खलाशांचे, हमालांचे आणि वखारींचे झाले. बंदराच्या शहरात नाना मुलखांची माणसे येत आणि शेजारी कोण राहतो याचा पत्ता नसे. दप्तर वाचताना अंगावर काटा येई तो या अनोळखीपणामुळेच.

त्रैलोक्याचे प्रकरण या दप्तरात सर्वांत काळेकुट्ट. सोनागाछी या वेश्यावस्तीतली ही स्त्री ओळखीच्या बायकांना गुरूच्या आशीर्वादाने दागिने वाढतील, असे सांगून माणिकतल्याच्या एका तळ्यावर नेई. दागिने काठावर ठेवून बाई स्नानाला उतरली की तिला पाण्यात दाबून धरी. अशा पाच जणींचा बळी गेला. पुढे दुसऱ्या एका खुनात प्रियनाथांनी तिला पकडले आणि १८८४ मध्ये ती फासावर गेली. इथे खुनी कोण हे कोडे नाहीच. विश्वास कसा संपादन केला जातो, हे पायरीपायरीने वाचताना जीव गुदमरतो, आणि प्रियनाथांचे खरे सामर्थ्य तिथेच आहे.

पुढे वाचकांची ओढ कल्पनेकडे वळली. पाचकडी दे यांनी पाश्चात्त्य कादंबऱ्यांचा आधार घेतला, तर दीनेंद्रकुमार राय यांनी रॉबर्ट ब्लेक या गुप्तहेराला बंगालीत आणले. १९३२ मध्ये शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा गुप्तहेर ब्योमकेश अवतरला. त्याच्या ‘पथेर काँटा’ या कथेत भर रस्त्यात माणसे मरतात ती ग्रामोफोनच्या पिनने! रोजच्या वापरातली वस्तू मारेकरी ठरते, यातला विक्षिप्तपणा आजही तितकाच बोचतो. मराठीत असाच वाचकवर्ग बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून बांधला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेने त्याला मनाच्या अंधारात नेले.

बंगालीत स्वपनकुमारांच्या स्वस्त पुस्तिकांनी दीपक चॅटर्जी हा गुप्तहेर घरोघरी नेला. तोवर खिदिरपूरचे नाव चोरट्या परदेशी मालाशी जोडले गेले होते आणि तिथले फॅन्सी मार्केट त्यासाठीच ओळखले जाई. प्रियनाथांचे दप्तर मात्र बराच काळ दुर्मीळ राहिले; एकविसाव्या शतकात ते पुन्हा छापले गेले.