गिटारीवांचून

ऑक्सफर्डजवळील अॅबिंग्डन येथील एकाच शाळेंतल्या पांच मुलांनीं १९८५ सालीं एक वाद्यवृंद उभारला. 'रेडिओहेड' हें नांव त्यास पुढें मिळालें. पांचांपैकीं तिघे गिटार वाजवीत. त्या तीन गिटारींचा कल्लोळ व त्यावर तरंगणारा थॉम यॉर्कचा व्याकुळ स्वर हीच त्यांची ओळख होती. १९९७ सालच्या 'ओके कॉम्प्यूटर' ह्या आल्बमनें त्यांची कीर्ति कळसास पोंचली. त्याच वाटेनें पुढें सुखानें चालतां आलें असतें. परंतु दीर्घ दौऱ्यानें खचलेल्या यॉर्कला आपला ढंग इतरांच्या तोंडून ऐकूं येऊं लागला, आणि गिटारीच्या संगीताचाच त्यास वीट आला. तो एफेक्स ट्विन व ऑटेकर ह्यांचें यंत्रजन्य संगीत ऐकत बसे.

१९९९ च्या आरंभीं पॅरिसमध्यें नव्या आल्बमचें काम सुरू झालें, तेव्हां खरा पेंच पडला. गाण्यास गिटार नको, कांहीं ठिकाणीं ढोलकऱ्याऐवजीं यंत्राचा ठेका, तर मग उरलेल्या चौघांनीं करावयाचें काय? पंधरा वर्षांची मैत्री पणास लागली. सर्वांस मान्य होईल असा आल्बम न झाल्यास मंडळ मोडावें, असेंही त्यांनीं आपसांत ठरविलें होतें. निर्माता नायजेल गॉडरिच ह्यानें त्यांचे दोन गट पाडले: एकानें गिटार व ढोल न घेतां नाद निर्माण करावे, दुसऱ्यानें त्यांवर संस्कार करावे. 'ट्रीफिंगर्स' ह्या रचनेंत तर एड ओब्रायनची गिटारच आहे. ती इतकी ताणून पालटलेली आहे कीं, ऐकणारास ती गिटार वाटतच नाहीं. वादकानें आपला हात असा ओळखूं न येण्यास राजी व्हावें, ह्यास मोठें मन लागतें.

हें सारें अगदीं नवें होतें असें मात्र नव्हे. जॉनी ग्रीनवुडनें वाजविलेलें 'ओंद मार्तनो' हें विजेवर चालणारें वाद्य मोरीस मार्तनोनें १९२८ सालीं पुढें आणलेलें, आणि संगीतकार मेसियाँ ह्यानें गाजविलेलें. 'इडिओटेक' ह्या गाण्यांतील स्वरसमूह पॉल लान्स्कीच्या १९७३ सालच्या संगणकीय रचनेंतून घेतले. त्या रचनेचें नांव व स्वरमेळ वाग्नरच्या 'ट्रिस्टान'कडून आलेले. आणि 'हाउ टु डिसअपीअर कम्प्लीटली' ह्या गाण्याचीं तंतुवाद्यें डॉर्चेस्टरच्या जुन्या मठमंदिरांत ध्वनिमुद्रित झालीं! आधुनिकतेचा अर्क म्हणून नांवाजलेल्या ह्या संगीताचें गोत्र असें जुनें आहे.

'किड ए' हा आल्बम ऑक्टोबर २००० मध्यें निघाला. त्यांतील एकही गाणें जाहिरातीसाठीं स्वतंत्र काढलें नव्हतें, तरी इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत विक्रींत तो पहिला आला. टीकाकारांत मात्र दुफळी झाली. कादंबरीकार निक हॉर्नबी ह्यांनीं 'न्यूयॉर्कर'मध्यें तीव्र नापसंती दर्शविली. हा आल्बम श्रोत्याकडून फार श्रम मागतो, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप खोटा नाहीं. पहिल्या श्रवणीं हातीं फारसें लागत नाहीं. परंतु तिसऱ्या-चौथ्या वेळीं तोच थंड नाद एकाकी माणसाच्या घरासारखा ओळखीचा होऊं लागतो. दशकाअखेर 'रोलिंग स्टोन' मासिकानें त्यास दशकांतील श्रेष्ठ आल्बम ठरविलें.

पुढें 'हेल टु द थीफ' (२००३) व 'इन रेनबोज' (२००७) ह्यांत गिटारी परतल्या; मात्र आतां त्यांस यंत्रांच्या पंगतींत बसावें लागलें.