जुन्या फर्निचरचे नवीकरण

वापराने, हवेने, किडीने किंवा दुर्लक्षाने जीर्ण झालेल्या लाकडी सामानाचा सांगाडा कायम ठेवून त्याचे सांधे, पृष्ठलेप, वेतकाम व गादीकाम पुन्हा करणे. या कामामागे दोन हेतू असतात : वस्तू वापरात आणणे आणि तिचे मूळ रूप राखणे. संग्रहालयांतील जतनकाम दुसऱ्या हेतूला बांधलेले असते, तर घरगुती व बाजारी काम बहुधा पहिल्याला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील, त्यातही पश्चिम भारतातील सामानाचा विचार केला आहे.

जुन्या पद्धतीचे फर्निचर उकलता येईल अशा रीतीने घडवलेले असे. सांधे सरसाने जोडलेले असत आणि सरस कोमट पाण्याने किंवा वाफेने सुटतो. पॉलिश लाखेचे असे, ते स्पिरिटमध्ये विरघळते. बैठक वेताची असली तर कापून नव्याने विणता येई. गादी असली तर चुका (बारीक खिळे) उपसून एकेक थर उतरवता येई. त्यामुळे शंभर वर्षांत एका खुर्चीची चार-पाच वेळा डागडुजी झाली तरी लाकडाला इजा होत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले कृत्रिम गोंद, पॉलियुरेथेनचे लेप व फोम हे मजबूत आणि झटपट खरे, पण ते परत काढताना लाकूडही सोलले जाते. पुढच्या कारागिराला काम उलगडता येईल का, ही नवीकरणाच्या दर्जाची पहिली कसोटी मानावी.

वस्तू : पश्चिम भारतात दुरुस्तीसाठी येणाऱ्या सामानात सागवानी फडताळे, देव्हारे, चौरंग, झोपाळे व लांब हातांच्या आरामखुर्च्या यांचा भरणा असतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी दाट कोरीवकामाचे शिसवी सामान बनू लागले. ते पुढे पारशी घरांतून जास्त टिकले. गोव्यात इंडो-पोर्तुगीज घडणीची कपाटे, पेटारे व पलंग जुन्या घरांतून आणि चर्चमधून आढळतात. १९३० च्या दशकात मुंबईत आर्ट डेको शैली रुजली. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९३७ साली टाउन हॉलमध्ये भरवलेल्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनाने नव्या घराबरोबर नव्या सामानाचीही आवड वाढवली. या शैलीच्या गोलसर कडांच्या कपाटांवर व टेबलांवर मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यावर घासण्याचे यंत्र फिरवले की तो काही क्षणांत आरपार झिजतो, आणि ते नुकसान भरून येत नाही.

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचे मूळ व्हिएन्नात आहे. मिखाएल थोनेट (१७९६–१८७१) याने बीच लाकडाच्या कांबी वाफेवर मऊ करून साच्यात वाकवण्याचे तंत्र सिद्ध केले. १८५९ सालची त्याची क्रमांक १४ ची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढ्यावर उभी राहते. सुटे भाग रचले तर एक घनमीटर पेटीत छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती जहाजाने जगभर गेली. अशा खुर्चीचा खिळखिळेपणा स्क्रू आवळून जातो. सांध्यात खिळे ठोकल्यास मात्र कांब उभी चिरते; दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक नगांत ही चीर आधीच्या दुरुस्तीने पडलेली असते.

लाखेचे पॉलिश : कुसुम, पळस व बोर या झाडांच्या डहाळ्यांवर पोसणाऱ्या लाखकिड्याच्या स्रावापासून लाख मिळते. भारतात झारखंड हा तिचा मोठा उत्पादक प्रदेश असून रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. डहाळ्यांवरून खरवडलेली लाख धुऊन तिचा तांबडा रंग काढतात, मग ती कापडी पिशवीत तापवून, पिळून, पातळ ताणतात. तिच्या पापुद्र्यांना चपडा म्हणतात. एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम चपडा घेऊन रात्रभर भिजवला की पॉलिश तयार होते. ते फार दिवस ठेवू नये. जुन्या मिश्रणात लाख व मद्यार्क यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि लेप चिकट राहतो.

लेप देण्याची रीत अशी : लाकडाची छिद्रे बारीक भुकटीने बुजवून पृष्ठभाग काचपेपरने घासतात. कापसाचा गोळा जुन्या सुती कापडात बांधून पुरचुंडी करतात, तिला पॉलिश पाजतात आणि ती गोल गोल, मग आठाच्या आकड्यासारखी आणि शेवटी लाकडाच्या रेषेने सरळ फिरवतात. पुरचुंडी अडखळू नये म्हणून अळशीच्या तेलाचा थेंब देतात. हात मध्येच थांबला तर खालचा थर विरघळून डाग पडतो. असे बरेच पातळ थर दिवसागणिक चढवतात व अखेरीस जवळजवळ निव्वळ स्पिरिटचा हात देऊन तेलाचा अंश काढून घेतात. ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली आणि तिला ‘फ्रेंच पॉलिश’ हे नाव मिळाले. कच्चा माल मात्र भारतातून जात असे.

लाखेचे दोष ठाऊक असावेत. गरम कप ठेवल्यास पांढरे वर्तुळ उमटते, मद्य सांडल्यास लेप विरघळतो, आणि पावसाळ्यात दमट हवेत काम केल्यास तो दुधाळ होतो. म्हणून जाणते कारागीर मोठे काम दिवाळीनंतर घेतात. परंतु हेच दोष तिच्या गुणाची दुसरी बाजू आहेत. वर्तुळ पडलेल्या जागी स्पिरिटची हलकी पुरचुंडी फिरवली की बहुधा डाग जातो, आणि नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनच्या लेपात असे होत नाही : तिथे ओरखडा दुरुस्त करायचा तर संपूर्ण फळी खरवडावी लागते. जुन्या शिसवी व सागवानी सामानाचे लाखेचे पॉलिश उतरवून त्यावर असे लेप देण्याची चाल थांबणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षांच्या हातांनी, मेणाने व प्रकाशाने लाकडाच्या पृष्ठाला आलेला गडद पोत यंत्राने एकदा घासून काढला की कोणत्याही रंगाने परत येत नाही.

अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते व फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

वेतकाम : बैठकीच्या चौकटीला सारख्या अंतरावर भोके पाडून त्यांतून वेताच्या सालीच्या पट्ट्या ओवतात. रूढ नमुन्यात आधी उभ्या, मग आडव्या, त्यांवर पुन्हा उभ्या, त्यांत गुंफलेल्या आडव्या, आणि शेवटी दोन दिशांच्या तिरप्या पट्ट्या घालतात. कडेने एक जाड पट्टी फिरवून भोके झाकतात. पट्टी भिजवून ओवतात. वाळताना ती आखडते आणि बैठक ताठ होते. झोळ पडलेली पण न तुटलेली बैठक खालून ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळवली, तर पुष्कळदा पूर्ववत होते. वेत वरून सतत पॉलिशने माखला तर ठिसूळ होतो.

हे काम बोटांच्या स्पर्शावर चालत असल्याने भारतातील अंधशाळांत ते दीर्घकाळ शिकवले गेले, आणि सरकारी कचेऱ्यांतील खुर्च्या विणण्याचे काम दृष्टिहीन कारागिरांकडे जाई. कचेऱ्यांत फोमच्या खुर्च्या आल्या तशी ही मागणी आटली. प्लॅस्टिकच्या पट्टीने विणलेली बैठक स्वस्त पडते, पण ती वाळून आखडत नाही.

गादीकाम : पारंपरिक गादीत तळाला नवार किंवा तागाच्या पट्ट्या ताणून जाळी करतात. त्यावर स्प्रिंगा शिवून दोरीने आठ दिशांना बांधतात, वर गोणपाट, मग काथ्या किंवा घोड्याचे केस, त्यावर कापूस, मांजरपाटाचे आवरण आणि सर्वांत वर शोभेचे कापड घालतात. स्प्रिंगांचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात सुरू झाला. त्याआधीच्या खुर्चीत स्प्रिंगा आढळल्या तर त्या नंतर घातल्या आहेत असे समजावे. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर व सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत लावला. त्याचा लवचीक फोम १९५० च्या दशकात बाजारात आला. फोम प्रकाशाने व प्राणवायूने पिवळा पडून भुगा होतो, तर काथ्या व केस धुऊन, पिंजून पुन्हा वापरता येतात.

जुनी गादी उतरवताना प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ कापडाचा तुकडा जपावा. चौकटीवरील चुकांच्या भोकांच्या रांगांवरून वस्तूवर किती वेळा कापड चढले ते मोजता येते. नवे कापड मारण्यासाठी यंत्राच्या पिना बेसुमार वापरल्यास चौकटीची कड पोखरली जाते.

रंग : रंग देणे म्हणजे लाकूड लपवणे, असा सरसकट आक्षेप योग्य नाही. हलक्या किंवा मिश्र लाकडाचे बरेच सामान मुळातच रंगवण्यासाठी बनलेले असते. सावंतवाडीत चितारी कारागिरांची लाखरंगाची परंपरा असून गंजिफांच्या (जुन्या धाटणीच्या पत्त्यांच्या) नक्षीचे पाट, पेट्या व खुर्च्या तेथे आजही रंगवल्या जातात. तेथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभी केली. अशा वस्तूवर ‘नवा’ रंग चढवणे म्हणजे मूळ चित्र पुसणे होय.

तैलरंगात पूर्वी शिसे असे. सफेद्यात ते मुख्य घटक असे आणि अस्तराला वापरला जाणारा शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० भाग दर दहा लाख अशी २०१६ च्या नियमांनी ठरली व ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते असे धरूनच काम करावे : सुका रंग घासू नये, ओला करून खरवडावा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. पाळणे व मुलांच्या खुर्च्या यांबाबत ही काळजी सर्वांत महत्त्वाची.

कारागीर ज्याला ‘ड्यूको’ म्हणतात तो फवारणीचा गुळगुळीत रंग मूळचा मोटारींसाठी १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने आणला. न घासता लावता येणारा खडूसारखा मंद रंग १९९० साली इंग्लंडमध्ये ॲनी स्लोन यांनी काढला. भारतातही हौशी मंडळी तशा रंगांनी सामान रंगवतात.

चंडीगडचे सामान : नवीकरणाने वस्तूची किंमत कशी बदलते, याचे ठळक भारतीय उदाहरण. चंडीगडच्या कचेऱ्या, न्यायालय व विद्यापीठ यांसाठी १९५० च्या दशकापासून सागवान व वेताच्या खुर्च्या, बाके, टेबले हजारोंच्या संख्येने स्थानिक सुतारांकडून बनवून घेण्यात आली. हे काम चंडीगडचे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतबंधू पिएर जानरे (१८९६–१९६७) यांच्या नावे सांगितले जाते. काही नमुन्यांत युली चौधरी व इतर भारतीय वास्तुविशारदांचा वाटा होता. प्रत्येक नमुन्याचे कर्तृत्व निश्चित झालेले नाही. घडवणाऱ्या सुतारांची नावे लिलावाच्या सूच्यांत सहसा दिसत नाहीत, ही उणीव गंभीर आहे.

पुढे हे सामान मोडके ठरवून गच्चीवर व आवारात टाकले गेले आणि भंगाराच्या भावाने लिलावात निघाले. पॅरिसच्या विक्रेत्यांनी ते विकत घेतले, जुने पॉलिश काढले, वेत नव्याने विणला, गाद्या नव्या शिवल्या आणि मोठ्या किमतींना विकले. पाठीच्या पट्टीवर रंगाने लिहिलेली खात्याची अक्षरे व क्रमांक मात्र बहुधा राखले जातात, कारण तेच अस्सलपणाचा पुरावा मानतात. एमी सीगल यांच्या ‘प्रोव्हेनन्स’ (२०१३) या चित्रपटात हा प्रवास संग्राहकांच्या घरांतून उलट दिशेने चंडीगडपर्यंत दाखवला आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची मर्यादा सामान्यतः शंभर वर्षांची असल्याने हे सामान त्यात बसत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली त्याच्या विक्रीवर निर्बंध घालणारा आदेश काढला.

संग्रहालयीन जतन : मुंबईतील भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२ साली खुले झालेले) महापालिका, इंटॅक ही वारसा-जतन संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा खुले झाले. त्यासाठी त्याला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला होता. लखनौ येथे १९७६ पासून राष्ट्रीय जतन संशोधन प्रयोगशाळा आहे.

बाजार : जुने सामान मुंबईत चोर बाजार व जोगेश्वरी–ओशिवरा येथे, तर पुण्यात जुना बाजार येथे मिळते.