मुंबईतील अफूच्या पैजा आणि त्यांच्या अटी

पैज कशाचीही असो, ती मांडणाऱ्यास प्रथम एक गोष्ट ठरवावी लागते : हारजीत कशावरून मानावयाची? १८४८ पूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी या प्रश्नास दिलेले उत्तर मोठे मार्मिक होते. कलकत्त्यास सरकारी अफूच्या पेट्यांचा जाहीर लिलाव होत असे. पुढील लिलावात पेटीस सरासरी जो भाव येईल तो प्रमाण मानावयाचा, आणि पैजेच्या वेळी बोललेल्या भावाहून त्यात जेवढे अंतर पडेल तेवढी रक्कम एकाने दुसऱ्यास द्यावयाची. पेटी कोणी देणार नव्हता वा घेणारही नव्हता. यातील ‘सरासरी’ हा शब्द विशेष महत्त्वाचा. एखाददुसरी बोली चढवून एकूण निकाल फिरविणे त्यामुळे दुष्कर झाले. अशक्य मात्र नव्हे, कारण जाहीर लिलावात हस्तकाकरवी माल घेता येतच होता.

अशी एक पैज रामलाल ठाकुरसीदास यांच्या खटल्याच्या रूपाने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. इंग्लंडात १८४५ च्या कायद्याने पैजेचे करार निरर्थक ठरले होते. परंतु तो कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. म्हणून जुन्या इंग्रजी रूढविधीप्रमाणे अशा पैजेवर दावा चालू शकतो, असा निर्णय १८४८ मध्ये लॉर्ड कँबेल यांनी काहीशा नाखुशीनेच दिला. त्याच वर्षी २१ व्या क्रमांकाचा कायदा होऊन पैजेच्या रकमेसाठी न्यायालयाचे दार बंद झाले. मुंबईच्या १८६५ च्या कायद्याने आनुषंगिक करारही त्यात ओढले. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० मध्ये हेच तत्त्व आले, अपवाद केवळ घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये वा अधिकच्या बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीचा.

दाव्याची सोय गेली, पैजा गेल्या नाहीत. उलट, वाद उत्पन्नच होऊ नये इतकी अट नेमकी असण्याची गरज वाढली. विसाव्या शतकात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर आकडा लावीत, त्यामागे हीच दृष्टी होती : आकडा दूरचा, सर्वांस कळणारा व उभय पक्षांच्या हाताबाहेरचा. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. पुढे मटक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला; आणि पैज स्वीकारणाराच आता आकडाही काढू लागला.