चित्रनलिकेसाठी घडलेले चित्र आणि एचडी पडदा

२८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, दूरदर्शनने ‘रामायण’ ही मालिका पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. २५ जानेवारी १९८७ रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला, तेव्हा घरोघरी चित्रनलिकेचे, म्हणजे पिक्चर ट्यूबचे संच होते. २०२० मध्ये तीच दृश्ये असंख्य घरांत सपाट व रुंद पडद्यावर उमटली. नव्या प्रेक्षकास ती धूसर आणि पात्रे काहीशी स्थूल वाटली असल्यास नवल नाही. त्यावरून जुने तंत्रच निकृष्ट होते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. दिसणाऱ्या दोषांत मूळ चित्रणाचा वाटा किती आणि नव्या संचाने केलेल्या रूपांतराचा किती, याचा विचार केल्याशिवाय जुन्या दृक्-साधनांचे मूल्यमापन करता येणार नाही.

चित्रनलिकेवरील चित्र हे कधीही स्थिर ठिपक्यांचा संच नव्हते. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ रेखाटीत असे. प्रथम विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम क्रमांकाच्या. इंटरलेसिंग नावाच्या या पद्धतीमुळे मर्यादित लहरपट्ट्यात लुकलुक टाळता आली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली. तिच्यातील ४०५ रेषांच्या इंटरलेस चित्राला त्या काळी ‘हाय-डेफिनिशन’च म्हटले जात होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. पुढे भारताने ६२५ रेषांची पद्धती स्वीकारली. तिच्यात प्रत्यक्ष चित्राच्या रेषा ५७६ असतात आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात. प्रत्येक अर्धचित्र २८८ रेषांचे असते व ते काळाच्या वेगळ्या क्षणाचे असते.

१९८२ मधील आंतरराष्ट्रीय शिफारशीने या संकेताचे अंकीय रूप निश्चित केले : एका रेषेवर ७२० नमुने. म्हणजे पूर्ण चित्रात ७२० × ५७६ = ४,१४,७२० बिंदू होतात. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, म्हणजे बरोबर पाचपट. पडदा पूर्ण भरावयाचा तर पाचांतील चार बिंदूंच्या संख्येइतकी माहिती संकेतात नसतेच. संचातील प्रक्रियक ती शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने रचतो. चित्रनलिकेवर झोताचा ठिपका स्वभावतःच मऊ असल्याने रेषा एकमेकींत मिसळत. सपाट पडद्याचे बिंदू मात्र काटेकोर चौकोनी असतात. त्यांवर चढविलेले कृत्रिम उठावदार काठ व संक्षेपणाचे चौकटीदार डाग लपत नाहीत.

त्याहून अवघड प्रश्न अर्धचित्रांचा आहे. सपाट पडद्यास एका वेळी संपूर्ण चित्र लागते. १९८० च्या दशकातील एखाद्या क्रिकेट सामन्याच्या चित्रफितीत गोलंदाजाचा फिरता हात घ्यावा. दोन अर्धचित्रांमध्ये एक पन्नासांश सेकंदाचे अंतर असल्याने ती नुसती एकत्र गुंफली, तर हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. एकेका अर्धचित्रापासूनच पूर्ण चित्र रचले, तर दात जातात. पण स्थिर भागातील बारकावा निम्मा होतो आणि आडव्या रेषा थरथरतात. म्हणून चांगला संच हलणारा आणि स्थिर भाग ओळखून दोहोंना वेगळी वागणूक देतो. अमेरिकेत इव्ह फरुजा यांच्यासारख्या अभियंत्यांनी हे कार्य प्रथम महागड्या स्वतंत्र उपकरणांद्वारे साधले. ते नंतर सामान्य संचातील एका चिपमध्ये आले. फिल्मवर चित्रित केलेल्या व सेकंदाला २५ चित्रांच्या गतीने फीत केलेल्या साहित्याची गोष्ट निराळी : तेथे दोन्ही अर्धचित्रे एकाच क्षणाची असतात आणि गुंफणीने मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. संचाने हा भेद ओळखला नाही, तर उत्तम चित्रणही विनाकारण खालावते.

स्थूलतेचे कारण मात्र अगदी साधे आहे. जुने चित्र ४:३ प्रमाणाचे, नवा पडदा १६:९ चा. योग्य रूपात चित्र १४४० बिंदू रुंद असावे व दोन्ही बाजूंस २४०-२४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या असाव्यात. परंतु रिकामा पडदा ग्राहकास खटकतो, म्हणून चित्र एक तृतीयांशाने रुंद ताणले जाते. दुसरा उपाय वरखालचा भाग कापण्याचा. त्यात ५७६ पैकी १४४ रेषा गमावल्या जातात. दिग्दर्शकाने ४:३ चौकटीत योजिलेला मुकुट वा पाय त्यात जाऊ शकतो.

घरच्या संचावर असे ताणलेले चित्र एका बटनाने पूर्ववत होते. संग्रहासाठी केलेल्या प्रतीत तसे होत नाही. सेकंदाला २५ पूर्ण चित्रांत बदलून ठेवलेल्या चित्रफितीतून ५० क्षणांपैकी निम्मे कायमचे गळतात, आणि कडा कापून रुंद केलेल्या प्रतीतील हरवलेल्या रेषा मूळ फीत नष्ट झाल्यावर कोणताही पडदा परत आणू शकत नाही. चित्रफितींचे चुंबकीय थर झिजत आहेत. अंकीकरण करताना इंटरलेस संकेत आणि ४:३ चौकट जशीच्या तशी जतन करून रूपांतराचे काम पाहणाऱ्याच्या संचाकडेच सोपविणे, हाच सध्या उपलब्ध असलेला सुरक्षित मार्ग आहे.